यादीत एकच नाव

४ सप्टेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण या खोलीत आठही अंगं एकदम टेकतील एवढी मोकळी जमीन नाही. पाच टेकवली आहेत. उरलेली तिकडे आल्यावर.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र कपाटात ठेवून तू त्याचं आयुष्य वाढवते आहेस, म्हणून हे पत्र. काम आहे.

हिच्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिल्याचं तुला एप्रिलमध्ये कळवलंच होतं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार शेजारच्या शहरातल्या रुग्णालयात डायलिसिस असतं. चार-चार तास एका यंत्राला बांधून घेऊन पडून राहायचं. ती म्हणते, लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यामुळे सवय आहे. अंतर चाळीस किलोमीटर. जायला सकाळची बस आहे. परतायला संध्याकाळपर्यंत काही नाही, आणि रक्त धुऊन निघाल्यावर थांब्यावरच्या बाकावर तीन तास बसण्याएवढाही जीव तिच्यात उरत नाही. रुग्णालयाची गाडी आहे, पण ती ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी. हिला चालता येतं, एवढाच तिचा अपराध. टॅक्सीचा विचार करून पाहिला. तो विचारच परवडत नाही. सध्या आमच्या वरच्या मजल्यावरची परिचारिका तिथेच कामाला असल्यामुळे नेते-आणते. डिसेंबरपासून तिची बदली आहे.

म्हणजे गाडी मला चालवली पाहिजे. अकरा वर्षं मी इथल्या ग्रंथालयात जुन्या पोथ्यांच्या याद्या करतो आहे. घरापासून ग्रंथालय सातशे पावलं. लायसन्सवाचून कधी अडलं नाही. इथला नियम असा की आपल्याकडचं लायसन्स चालू असेल तर ते दाखवून इथलं मिळतं, परीक्षा नाही. मुदत संपलेली असेल तर पहिलीपासून सुरुवात: शाळा, लेखी परीक्षा, प्रतीक्षायादी, दीड वर्ष. माझ्या लायसन्सची मुदत तीस नोव्हेंबरला संपते. त्याच्या नूतनीकरणासाठी तिकडे जातीने उभं राहावं लागतं, आणि हिला एकटं सोडून मी येऊ शकत नाही.

इथल्या कार्यालयाला तिकडच्या परिवहन कार्यालयाचा सही-शिक्क्याचा उतारा हवा आहे: लायसन्स खरं आहे, चालकावर गुन्हा नाही. तू तीस वर्षं नोंदणी कार्यालयात काढलीस. कारकुनाची भाषा कारकुनालाच कळते. भावोजींना गुडघ्याच्या निमित्ताने घरी बसव आणि तूच जा.

तुझा पायी चालणारा भाऊ


१७ सप्टेंबर

शास्त्रीबुवा,

आशीर्वाद. त्यातला पाऊण वाटा माझ्या भावजयीचा, उरलेल्या पावात तू भागव.

उतारा सोबत आहे. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "बुधवारी या." मी म्हटलं, "बाई, हे वाक्य मी तीस वर्षं स्वतः म्हणत आले. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे." ती हसली आणि उठून रजिस्टर काढलं. तुझं नाव सापडायला तासभर गेला. तेव्हाच्या नोंदी हाताने केलेल्या, त्यात तुझ्या पानावर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला. कपाच्या वर्तुळात तू स्पष्ट दिसतोस.

उतारा आपल्या भाषेतच मिळाला. इंग्रजीत द्या म्हटलं तर म्हणाली, इंग्रजीचे छापील नमुने संपलेत, कधी येतील सांगता येत नाही. मी म्हटलं, असू द्या. तिकडे भाषांतराला आमचे शास्त्रीबुवा सरकारमान्य बसलेत, त्यांना तेवढाच उद्योग.

एक सांगू का? तू गाडी चालवणार या कल्पनेने भावोजींना घाम फुटला आहे. आमच्या गाडीचा आरसा तू फाटकाला घासलास, तेव्हा उतरून आरसा बघायचा सोडून फाटकावरची नक्षी कुठल्या शतकातली हे आम्हाला समजावत होतास. तिला बसवशील तेव्हा नक्षी बघू नकोस.

ती जेवते का नीट? तू "ठीक" असं लिहू नकोस. काय आणि किती, ते लिही.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

एक पोळी, तीही कडा काढून. पाणी मोजून. मीठ नाही. झालं समाधान?

उतारा पोचला, कपाच्या वर्तुळासकट. तो घेऊन परवाना कार्यालयात गेलो. खिडकीवरची बाई अत्यंत सौम्य आहे. सौम्य माणसाशी भांडता येत नाही, ही इथली मुख्य अडचण. तिने उतारा उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "सुंदर अक्षर आहे. याचं मान्यताप्राप्त भाषांतर हवं." मान्यताप्राप्त भाषांतरकारांची छापील यादी तिने पुढे केली. आपल्या भाषेसमोर एकच नाव होतं.

मी म्हटलं, "हा मीच."

तिला मनापासून आनंद झाला. "मग किती सोपं झालं," म्हणाली. नंतर अर्जदाराचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा पडला. स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या कागदाचं भाषांतर करता येत नाही.

"मग दुसरा कोण करील?"

"यादीत पाहा ना."

"यादीत मी एकटाच आहे."

"मग त्यांच्याशी संपर्क साधा," असं बोलून गेली, आणि मग तिलाच वाईट वाटलं. तिने मला पाणी दिलं.

एखादी गोष्ट सिद्ध व्हायला तीच गोष्ट आधी सिद्ध असावी लागते, याला आपल्या न्यायशास्त्रात आत्माश्रय दोष म्हणतात. इथे त्याला कलम चौदा म्हणतात. हा दोष मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवला, पण त्याच्या आत उभं राहून पाहण्याचा योग आला नव्हता.

नव्या भाषांतरकारांची परीक्षा मार्चमध्ये असते. पूर्वी यादीत आणखी एक गृहस्थ होते, पण काही कारणाने त्यांचं नाव राहिलं नाही.

परवा परतताना ही गाडीत झोपली ती घर आलं तरी उठेना. परिचारिकेने पाय धरले, मी खांदे, आणि दोन जिने चढवलं. वजन किती उतरलंय ते डॉक्टर दर आठवड्याला कागदावर लिहून देतात. मला ते परवा हाताला कळलं.

या देशातला एकमेव अधिकृत, तुझा भाऊ


१५ ऑक्टोबर

शास्त्रीबुवा,

"काही कारणाने" हे शब्द माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. कार्यालयात फाइल हरवली की आम्ही हेच लिहायचो.

तुझी पत्रं मी पत्र्याच्या डब्यात ठेवते, वर्षावार. आठ वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला. वाच तुझंच:

"आज एक पुण्यकर्म केलं. इथल्या एका शिंप्याने केलेलं भाषांतर कार्यालयाने माझ्याकडे तपासायला पाठवलं होतं. सात पानांचा आक्षेप लिहिला. कपड्यांना टाके घालणाऱ्या या गृहस्थाने भाषेचे मात्र सगळे टाके उसवले आहेत, असा समारोप केला. त्याचं नाव यादीतून गेलं. आता इथे आपल्या भाषेचा वाली मी एकटाच."

हे वाचून तेव्हा आम्ही हसलो होतो, तेही लिहून ठेवते. भावोजींनी तर दोनदा वाचायला लावलं. म्हणजे पाप तिघांत वाटलेलं आहे, तू एकट्याने मिरवू नकोस.

आता ऐक. जिथे आक्षेप घेता येतो तिथे तो मागेही घेता येतो. प्रत्येक कार्यालयात तसं एक कलम असतं. कुणी वापरत नाही म्हणून त्यावर धूळ असते, एवढंच. ते कलम शोध. पण आधी त्या शिंप्याकडे जा. नमस्कार कर आणि काम सांग. व्युत्पत्ती सांगू नकोस, तिथे श्लोक तर मुळीच म्हणू नकोस.

आणि दोन जिने उचलून? ती एवढी थकलीय हे मला आधी का नाही लिहिलंस?

ताई


२९ ऑक्टोबर

ताई,

गेलो. श्लोक म्हटला नाही.

एका धुलाईच्या दुकानाला लागून जिन्याखाली त्याची जागा आहे. मशीन, इस्त्री, एक आरसा आणि माणूस, यांपैकी कुणालाही हलायचं असेल तर बाकीच्यांना विचारावं लागतं. इथली आपली माणसं त्याला मास्तर म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. एका बसचालकाच्या पॅन्टची कंबर सैल करणं चाललं होतं. सुईत दोरा ओवताना तो सुईकडे बघत नाही. जिभेने टोक ओलं करतो आणि अंदाजाने घालतो.

"पंडित ना?" म्हणाला. "या. पॅन्ट की कोट?"

"काम जरा वेगळं आहे."

"मग उभे का? बसा. त्या गठ्ठ्यावर नको, तो उद्या द्यायचाय."

मी काही बोलायच्या आत त्याने मशीनचा खण उघडला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून माझी सात पानं काढली. कडांना मशीनचं तेल लागलेलं. मी मनात म्हटलं, आता ऐकून घ्यायची वेळ आली.

"बाकीची सहा मी शिकलो," तो म्हणाला. "चौथं पान अजून समजलेलं नाही. इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणतोय, पण तुमच्याकडे यायची छाती झाली नाही. जरा सांगता का?"

चष्मा लावून मी माझं चौथं पान वाचलं. ताई, त्या पानावर शिकवण्यासारखं काहीही नव्हतं. तिथे फक्त मी होतो, स्वतःच्या विनोदावर खूश झालेला.

मी म्हटलं, "मास्तर, हे आता मलाही समजत नाही."

"मग जाऊ द्या," तो म्हणाला. "मला वाटलं मीच ढ."

ते भाषांतर कुणाच्या कागदांचं होतं, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं. खानावळीत भांडी घासणाऱ्या एका माणसाने बायकोला इकडे आणण्यासाठी केलेला अर्ज होता तो. भाषांतर बाद झालं, अर्ज परत आला, बायको दोन वर्षं उशिरा पोचली. "आली शेवटी," मास्तर म्हणाला, जणू मलाच धीर देत होता. "आता लोक कागद घेऊन तुमच्याकडेच येत असतील."

"फार कुणी येत नाही," मी म्हटलं.

"भितात," तो म्हणाला, आणि दाताने दोरा तोडला.

माझा उतारा त्याने दिव्याखाली नाकाला लावून वाचला. दोन संध्याकाळींचं काम आहे, करतो म्हणाला. प्रश्न फक्त यादीतल्या नावाचा.

तू म्हणालीस ते कलम सापडलं: बाविसावं. आक्षेप मागे घेण्याचा अर्ज. त्यात एक रकाना आहे, "कारण". मी तीन वाक्यं लिहिली. आक्षेप शैलीपुरते होते. भाषांतर कामापुरतं पुरेसं होतं. आणि खाली सही करणाऱ्याला स्वतःच्या लायसन्ससाठी सध्या या भाषांतरकाराची गरज आहे. तिसरं वाक्य लिहिताना हात थबकला. पण कारणाच्या रकान्यात कारण न लिहिणं मला जमेना.

सौम्य बाईने अर्ज वाचला. "तुम्ही फार प्रामाणिक आहात," म्हणाली. स्वर मात्र सांत्वनाला आल्यासारखा होता.

तुझा भाऊ


१० नोव्हेंबर

अरे शहाण्या,

रकाना दिसला की भरायचाच, असं कुणी सांगितलं तुला? तीस वर्षांत मी रजेच्या अर्जावर "कारण" म्हणून एकच शब्द लिहिला: वैयक्तिक. दोन बाळंतपणं, एक ऑपरेशन आणि आईचं शेवटचं आजारपण, सगळं त्या एका शब्दात मावलं. तुला तीन वाक्यं लागली, आणि त्यातलं तिसरं तुझ्याच पायावर धोंडा.

आधी सात पानं जास्त झाली, आता एक ओळ. कमी कधी लिहिणार आहेस?

मी इथल्या बाईंकडे रोज जाते. इंग्रजीचे नमुने आलेले नाहीत. मला पाहिलं की आता ती विचारायच्या आधीच मान हलवते. काल तिने बसायला खुर्ची दिली. कार्यालयात खुर्ची मिळाली म्हणजे काम होणार नाही, हे मला ठाऊक आहे, तरी बसले.

माझ्या भावजयीला सांग, मी विचारलंय.

ताई


२ डिसेंबर

ताई,

कार्यालयाचं उत्तर एकवीस तारखेला आलं, पण तुला लिहवलं नाही. "आक्षेप मागे घेण्यात स्वतःचा हितसंबंध असल्याचे अर्जदारानेच नमूद केल्यामुळे" प्रकरण समितीपुढे जाईल. समिती या भाषेतल्या तज्ज्ञाचं मत मागवील. तज्ज्ञ यादीतून निवडला जाईल. यादीत कोण आहे, ते तुला ठाऊक आहे.

मास्तरने भाषांतर पूर्ण करून ठेवलं आहे. ते बिनचूक आहे. मी तपासलं, सवयीने, आणि मग लाज वाटली.

परवा माझ्या लायसन्सची मुदत संपली. त्यावरच्या फोटोत चौतीस वर्षांचा एक मिशीवाला आहे. कुठे निघालाय देव जाणे, पण फार आत्मविश्वासाने निघालाय.

परिचारिका गेली. काल सोमवार. सकाळच्या बसने गेलो, दुपारी एकपासून थांब्यावर बसलो. वारा होता. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, लोक बघताहेत, आपल्याला नवीन लग्न झालेलं समजतील. ती म्हणाली, "समजू दे. नाहीतरी त्या वेळी कुठे टेकू दिलं होतंत?" चार वाजता बस आली. चालकाने आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही बसेपर्यंत गाडी हलवली नाही.

उद्या पुन्हा बुधवार. काय करावं मला कळत नाही. हे वाक्य मी तुला आजवर कधी लिहिलं नव्हतं, डब्यात शोधून बघ.

तुझा भाऊ


१३ डिसेंबर

बाळा,

डबा शोधला नाही. ठाऊक आहे.

उत्तर तीनदा लिहिलं आणि फाडलं. सल्ला देण्याजोगं काही असतं तर पहिल्यांदाच लिहून झालं असतं. माझ्या ओळखीची सगळी कार्यालयं संपली. आता एकच उरलंय, वरचं. तिथे माझी कधी ओळख निघाली नाही, तरी अर्ज टाकते.

पत्र लिही. एक ओळ चालेल.

ताई


६ जानेवारी

ताई,

एका ओळीत मावत नाही, पण प्रयत्नपूर्वक कमी लिहितो.

माझं मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आम्ही बससाठी खाली उतरलो तर दाराशी एक लहानशी जुनी गाडी उभी होती. आत मास्तर. त्या बसचालकाची पॅन्ट आठवते? कंबर पुन्हा सैल करायला आला होता, त्याने थांब्यावरच्या दोन म्हाताऱ्यांचं वर्णन केलं. आम्ही म्हातारे, ताई. मास्तरने वर्णनावरून ओळखलं.

"बसा वहिनी," म्हणाला. "पंडित, तुम्ही मागे. गठ्ठा मांडीवर घ्या, चुरगळू नका."

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार हेच. हिला मागे बसलं की मळमळतं, म्हणून ती पुढे. मी मागे, मांडीवर इस्त्री केलेल्या पॅन्टांचा गठ्ठा. आम्हाला सोडून तो त्या शहरातल्या गिऱ्हाइकांचे कपडे पोचवतो आणि चार तासांनी परत येतो. त्याच्याकडे इथलं लायसन्स एकतीस वर्षं आहे. परीक्षेत दोनदा नापास झाला होता, असं स्वतःच सांगतो. जन्माच्या सगळ्या कहाण्या सांगतो. त्याच्या वाक्यात कर्ता एका गावी असतो आणि क्रियापद दुसऱ्या, आणि तरी ही हसते. एप्रिलनंतर प्रथमच हसते. पूर्वी एकेका वाक्याला मी सात पानं लिहिली असती. आता गठ्ठा सांभाळतो.

एक गोष्ट तुला सांगायला हवी, तिला सांगितलेली नाही. मास्तरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो आहे. पुढची गाडी दिसते, माणूस दिसतो, रस्ता तर त्याला पाठ आहे. लांबच्या पाट्या तेवढ्या दिसत नाहीत. हे मला दुसऱ्या खेपेला कळलं, कारण त्याने सहज विचारलं, "पंडित, ते काय लिहिलंय हो?" तेव्हापासून मी मागून पाट्या वाचतो. पुढे वळण. साठची मर्यादा. उजवीकडे काम चालू. अकरा वर्षं इथे पोथ्या वाचल्या, तिकडे आयुष्यभर वाचून दाखवल्या. माझ्या वाचण्यावर कुणाचा जीव टांगलेला असण्याची ही पहिलीच वेळ. हिला वाटतं, मला गप्प बसवत नाही म्हणून वाचतो. तो चाळीसच्या वर जात नाही. आमच्या मागे गाड्यांची रांग लागते, पण कुणी काही म्हणत नाही. इथली माणसं सौम्य आहेत.

कार्यालयाचं तज्ज्ञाचं मत मागवणारं पत्र अपेक्षेप्रमाणे मलाच आलं. "आक्षेप नाही" असं लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात तुझा शब्द: वैयक्तिक. ते परत आलं आहे. सविस्तर लिहा म्हणतात.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला मास्तरला पंचाहत्तर पूर्ण होतात. इथे पंचाहत्तरीला लायसन्ससाठी डोळे तपासतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची यादी आहे. त्याचा नंबर जूनमध्ये येतो. काल त्याने तपासणीचा अर्ज माझ्या हातात दिला. "तुम्हीच भरा," म्हणाला, "तुमचं चुकत नाही." "दूरचे स्पष्ट दिसते का" असा एक प्रश्न आहे, पुढे रकाना. तो अर्ज माझ्या टेबलावर पडून आहे. पुढे काय, हे मला ठाऊक नाही. मास्तरलाही नाही. हिला कदाचित सगळंच कळलेलं असेल. हल्ली मी एखादी पाटी विसरलो तर ती वाचते.

तू वर अर्ज टाकणार होतीस. टाकला नसशील तर एवढं कर. मागायचं ते माग, खाली सही कर, आणि कारणाचा रकाना कोरा ठेव.

तुझा भाऊ